गोदूच्या पाठीवरचं नाव

काशीराम घरत घोडीवरून तिसऱ्यांदा पडला तो थेट बायकोच्या जवळ्यात.

चंद्रावतीने अंगणात जुनी चादर अंथरून जवळा वाळत घातला होता. त्याच्या बरोबर मधोमध तिचा बासष्ट वर्षांचा, ब्याण्णव किलोंचा नवरा उताणा पसरला होता. मनगट मोडलं होतं, चष्मा कुंडीत गेला होता आणि मिशीला जवळा चिकटला होता. घोडी चार पावलांवर उभी राहून शेपटीने माश्या हाकत होती. या सगळ्याशी आपला काही संबंध नाही, असा तिचा चेहरा होता.

चंद्रावतीने आधी जवळा पाहिला, मग नवरा.

"लय झालं आता," ती म्हणाली. "भावेशची वरात हिच्यावरून निगाली, पोरगा शांत बसून मांडवापर्यंत गेला, तर ही ऱ्हाईल. नाय तर दुसऱ्या दिवशी मी निकेशला फोन करनार."

"निकेशला नको," काशीराम खालूनच म्हणाला.

"मग उठा. माजा जवळा हाय तो."

गव्हाणच्या निकेशकडे भाड्याने द्यायच्या सहा घोड्या होत्या. लग्नसराईत त्या डीजेच्या भिंतीसमोर दोन-दोन तास पुतळ्यासारख्या उभ्या राहायच्या. लोकांना त्याचं फार कौतुक. काशीरामने एकदा त्यातल्या एकीचा लगाम जवळून पाहिला होता. तोंडात जाणाऱ्या लोखंडाला आतून काटे होते आणि तिच्या ओठांवरचा फेस गुलाबी होता. तेव्हापासून निकेशचं नाव निघालं की काशीरामची जीभ आपोआप टाळूला चिकटायची.

घोडीचं नाव गोदू. काशीरामला या नावाची एक आत्या होती. तिला कोणी हात लावलेला खपत नसे. पाया पडायला वाकलेल्या सुनेलाही ती "लांबून" म्हणायची. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडी विचुंब्याला आली, काशीरामने तिच्या पाठीवर थोपटलं आणि तिची कातडी मानेपासून ढुंगणापर्यंत थरथरली, तेव्हा चंद्रावती दारातूनच म्हणाली होती, "आत्या परत आली." नाव तिथेच पडलं.

घोडी घ्यायची खोड मात्र जुनी होती. काशीरामचा बाप मिठागरावर मीठ ओढायचा. महिन्यातून एकदा मालकाचा मुकादम बांधावरून घोड्यावर बसून यायचा. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांना त्याच्याशी मान वर करून बोलावं लागायचं. काशीरामला तेव्हाच कळलं होतं की जगात दोन प्रकारची माणसं असतात आणि त्यातल्या एका प्रकाराकडे घोडा असतो. पुढे त्याने टेम्पो चालवला, रेती वाहिली. जमिनी गेल्या, पैसे आले आणि विचुंब्यात तीन मजली बंगला उभा राहिला. भाऊबंदांनी मोठ्या पांढऱ्या गाड्या घेतल्या. काशीरामनेही घेतली, कारण न घेऊन चालण्यासारखं नव्हतं. पण गाडीत बसल्यावर माणूस खालीच बसतो, हे त्याच्या लक्षात आलं. मग साठी उलटल्यावर तो सारंगखेड्याला गेला.

गोदूची जागा बंगल्याखालच्या पार्किंगमध्ये, पांढऱ्या गाडीशेजारी होती. तिथे काशीरामने चकचकीत फरशा बसवल्या होत्या. तोंड बघून भांग पाडावा इतक्या चकचकीत. गोदू त्यावर पहिल्यांदा चालली तेव्हा तिचे चारही पाय चार गावांना गेले. पण फरशा काढायला काशीराम तयार नव्हता.

गोदू भित्री नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवं. विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं की बायका दोरीवरची धुणी धरून ठेवत, तरी ती कान हलवत नसे. डंपर, फटाके, भावेशचा जेसीबी, काही नाही. तिची सगळी तक्रार पाठीची होती. नुसता सुती पंचा टाकला तरी तिथली कातडी शहारायची. खोगीर घातलं की कान मागे जायचे, आणि काशीराम बसला की काशीराम जायचा.

मनगटाला प्लॅस्टर घालून आल्यावर काशीरामने प्रश्न हातात घेतला, म्हणजे उरलेल्या एका हातात. पाठ दुखते तर मऊ काहीतरी घालावं, इतकं त्याला कळत होतं. त्याने खोगिराखाली व्यायामशाळेतली फोमची चटई घातली. गोदूने ती खाली पाडली. मग पाहुण्यांच्या खोलीतली अर्धी गादी कापून घातली. मग वरून मखमल. शेवटी त्याने मोबाइलवरून 'शंभर टक्के अस्सल मेंढीची लोकर' असा एक पांढराशुभ्र, गुबगुबीत पॅड मागवला आणि तो या सगळ्याच्या खाली सरकवला. आता गोदूवर बसलेला माणूस लोकलच्या टपावर चढल्यासारखा दिसला असता. बसायला कोणी तयार नव्हतं, हा भाग वेगळा.

"शकीलला इचारा," चंद्रावती म्हणाली. "बावीस वर्सं तेच करत व्हता तो."

शकील अंतुले पनवेलात गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. त्याआधी तो कतारला एका शेखच्या तबेल्यात खोगिरं सांभाळायचा. काशीरामने गाडीच्या डिकीतून सगळा ढीग काढून त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठेवला. शकीलने शिलाईयंत्र थांबवलं आणि एकेक थर उचलून पाहिला.

"काशीशेठ, घोडीची पाठ आहे ही, तुमचा बंगला नाही. मजले का चढवले?"

"मऊ पाहिजे ना तिला."

"तुमच्या पायात मापाचा बूट आहे. त्यात तुम्ही तीन मोजे घातले. बूट आवळला, पाय दुखला, म्हणून चौथा मोजा घातला. आता सांगा, बूट खराब की डोकं?"

काशीरामने बुटाचा दोष असल्याची शक्यता मांडून पाहिली. शकीलने ती मान्य केली नाही. त्याने गुबगुबीत पॅडमधले चार केस उपटले आणि लायटर लावला. केस आक्रसून त्यांचा काळा मणी झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला.

"ही मेंढी कुठल्या कारखान्यात जन्मली?" त्याने विचारलं. मग खुंटीवरच्या आपल्या जुन्या स्वेटरचा एक धागा तोडून पेटवला. त्याची राख झाली, आणि वास आला तो न्हाव्याच्या दुकानात केस जळाल्यासारखा. "ही लोकर. ही घाम पिते, हवा खेळू देते. ते प्लास्टिक आहे, त्याच्याखाली घोडी शिजते. नाजूक कातडीच्या जनावराला खरं मेंढीचं कातडं लागतं. लोकर खाली, तिच्या अंगाला. एकच थर. आणि कातडं कमावलेलं पाहिजे."

"म्हंजे मीठ लावून?"

"मीठ ही सुरुवात झाली, काशीशेठ. त्याच्यापुढे..."

पण मीठ हा शब्द निघाल्यावर काशीराम घरत पुढचं ऐकत नसे. तीन पिढ्या मिठात गेलेल्या माणसाला पनवेलच्या सीटकव्हरवाल्याने मीठ शिकवावं, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. "मिठाचं तू मना नको सांगू, शकीलभाय," असं म्हणून त्याने गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी त्याने मटणवाल्याकडून मेंढीचं ताजं कातडं आणलं, गच्चीवर पसरलं आणि त्यावर खडेमीठ ओतलं. बापाने लाकडी फळीने मीठ ओढावं तसं ते एका हाताने सारखं केलं. त्याला फार बरं वाटलं. भावेश वर आला, नाक धरून उभा राहिला.

"बाबा, हे काय?"

"तुजी वरात."

चार दिवसांनी शेजारच्या नव्या सोसायटीच्या ग्रुपवर गॅसगळतीची तक्रार आली. सहाव्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन सगळ्यांच्या शेगड्या तपासून गेला. दहाव्या दिवशी कातडं पापडासारखं कडक झालं आणि काशीरामच्या मते तयार झालं. लोकरीची बाजू मऊच होती. त्याने ती गोदूच्या पाठीवर ठेवली, वर खोगीर आवळलं आणि लगाम धरून तिला अंगणात फिरवलं. गोदू चालली. दहा मिनिटं चालली. काशीरामने वर खिडकीकडे पाहिलं, चंद्रावती बघतेय का म्हणून.

मग गोदूला घाम आला.

घामाने कातड्यातलं मीठ पाघळलं. गोदू आधी थांबली, मग कमरेतून वाकली. नंतर तिने जे केलं त्यात खोगीर तुळशीपाशी गेलं आणि पांढऱ्या गाडीचा उजवा आरसा गेला. तिची पाठ उघडी पडली तेव्हा मणक्याच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठले होते, जागोजागी सालटी गेली होती.

काशीराम तिथेच उभा राहिला. बापाच्या टाचा त्याला आठवल्या. मिठागरावरून आल्यावर भेगांमध्ये खारं पाणी गेलेलं असायचं आणि आई गोड्या पाण्याने त्या धुवायची, तेव्हा तो एवढा मोठा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. मीठ कसं झोंबतं हे विचुंब्यात ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं, त्यानेच ते हिच्या पाठीला बांधलं होतं.

चंद्रावती बादली घेऊन खाली आली. तिने गोदूच्या पाठीवर पाण्याची बारीक धार धरली आणि तळहाताने मीठ उतरवलं. आत्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला हात लावू दिला. काशीरामला वाटलं होतं, ती निकेशला फोन करील. ती म्हणाली, "वरातीपर्यंत बोलले व्हते मी. त्याच्या आधी नाय."

जनावरांच्या डॉक्टरने तीन आठवडे पाठीवर काडीही ठेवायची नाही म्हणून सांगितलं. लग्नाला साडेसात आठवडे होते.

काशीराम पुन्हा शकीलच्या पायरीवर जाऊन बसला. या वेळी डिकी रिकामी होती. "त्याच्यापुढं काय व्हतं?" त्याने विचारलं. "मीठ लावल्यापुढं. तू सांगत व्हतास."

शकीलने सगळं सांगितलं. मीठ कातडं फक्त सडू देत नाही. मग ते धुवून काढायचं, चरबी खरवडायची, आणि कमावणं ही कारखान्यातली वेगळीच भानगड. हे सांगून झाल्यावर तो त्याला घरी घेऊन गेला. तिथे त्याची आई, सुगरा, खिडकीपाशी आरामखुर्चीत बसली होती. तिच्या पाठीमागे पिवळसर पांढरी, बोटाच्या पेराएवढ्या दाट लोकरीची मेंढीची कातडी होती. शकीलने ती कतारहून आणली होती. नऊ वर्षं म्हातारीने ती कोणाला हात लावू दिली नव्हती.

"घोडीसाठी?" तिने विचारलं.

"हो, खाला," काशीराम म्हणाला.

"कमरेचा त्रास आहे तिला?"

"पाठीचा."

सुगराने पुढे सरकून पाठीमागची कातडी ओढून काढली. एका पाठवालीचं दुसरीला कळलं असावं. "घेऊन जा. पण हळदीला मला बोलवायचं, वरातीत गाडीत पुढची सीट, आणि तो डीजे माझ्या बाजूला लावायचा नाही. माझं दिल कमजोर आहे."

शकीलने कातडं उभं कापून दोन भाग केले आणि वर सुती कापड घालून ते शिवले. दोन्हींच्या मधे मणक्यावर चार बोटं मोकळी जागा सोडली. "इथून हवा जाऊ दे. खोगीर घालताना पॅड मानेपाशी असा वर ओढायचा. मणक्यावर ताणून बसवला तर कितीही मऊ असला तरी तो दोरीच."

पाठ भरून आली तसं काशीरामने कामाला सुरुवात केली. पहिले काही दिवस नुसता हात. मग नुसता पॅड, तोही हुंगायला देऊन. मग न आवळता खोगीर. मग पोटाखालचा तंग एक भोक आवळून, दोन दिवसांनी दुसरं. मग शकीलच्या सांगण्यावरून, फिरवून आणल्यावर पॅड उचलायचा आणि घाम बघायचा. सगळीकडे सारखा ओला असला तर ठीक. ओल्याच्या मधे कोरडा डाग दिसला तर तिथे दाब पडतोय. काशीराम रोज त्या पाठीचा फोटो काढून शकीलला पाठवू लागला. भावकीच्या ग्रुपवरही एकदा चुकून गेला. लोकांनी अंगठे दिले, एकाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं.

लग्नाच्या आठ दिवस आधी भावेश गोदूवर बसला आणि विचुंबे स्टेशनपर्यंत जाऊन आला. गोदू रस्त्याच्या कडेने, रिक्षावाल्यांकडे तुच्छतेने बघत चालली. काशीराम लगाम धरून पुढे चालत होता आणि त्याला पहिल्यांदाच आपण खाली आहोत याचं वाईट वाटत नव्हतं.

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण भावेशचा बापावर जीव होता.

घरतांच्या घरात वस्तू आली की तिच्यावर नाव येतं. गाडीच्या काचेवर नाव, जेसीबीच्या हातावर नाव, बंगल्यावर तर तीन भाषांत. आईच्या मिक्सरवरसुद्धा भावेशने स्टिकर लावला होता. ज्या पॅडने बापाची अब्रू राखली तो कोरा राहावा, हे त्याला बघवेना. लग्नाच्या आदल्या दिवशी घर हळदीच्या गडबडीत असताना त्याने पॅड नेऊन संगणकावरच्या भरतकामाने दोन्ही बाजूंना सोनेरी जरीत 'काशीशेठ घरत, विचुंबे' असं काढून आणलं. अक्षरं वीतभर होती.

वरातीला काशीरामने ते पाहिलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बांधावरचा मुकादम गेला, मालक गेला, मिठागर गेलं, आणि आता घोडीवर त्याचं नाव होतं. त्याने भावेशचा फेटा सारखा केला.

भावेश बसला. बेंजोने पहिला ठेका धरला. गोदूचे कान मागे गेले.

दोन पावलं टाकून ती आडवी वळली. तिसऱ्याला तिने कंबर उचलली. लोक बाजूला पळाले, ड्रोन झाडात गेला, भावेश कसाबसा मान धरून उतरला. सावधगिरी म्हणून कोणीतरी निकेशला सांगून ठेवलं होतं. तो कोपऱ्यावर आरसे लावलेली घोडी घेऊन उभाच होता. तो पुढे आला.

"काका, माजी तयार हाय. नवरदेव बसवा. आनी हिचं काय करायचं ते उद्या मी बघतंय."

काशीराम त्याच्या घोडीच्या तोंडाकडे पाहत होता. तिच्या ओठांवर फेस होता.

मांडवात मुहूर्त होता, आणि सगळे आता चंद्रावतीकडे पाहत होते. चंद्रावती भरजरी शालूत उभी होती आणि सकाळपासून खांदे खाजवत होती. तिच्या ब्लाउजची जर आतून टोचत होती. शेवटी तिने आत जुना सुती ब्लाउज घातला होता, तरी टोचणी थांबली नव्हती, आणि हे फक्त तिला आणि तिच्या जावेला ठाऊक होतं. ती गोदूजवळ गेली. पॅडच्या कडेच्या लोकरीवरून वरवर हात फिरवला, मऊ लागली. मग तिने हात पॅडखाली घातला आणि दुसऱ्या हाताने वरून दाबला, माणूस बसल्यासारखा.

"अवं," ती म्हणाली. "हिकडं हात घाला."

काशीरामने हात घातला. लोकरीच्या आत, वरून न दिसणाऱ्या जागी, जरीच्या गाठी होत्या. त्याखाली भरतकामाला लावलेला कडक कागद. बोटांनी त्याला एकेक अक्षर वाचता येत होतं. घ, र, त.

"बाबा, तुमचं नाव हाय ते," भावेश म्हणाला. त्याला रडू येत होतं, आणि चेहऱ्यावर हळदीच्या वर पावडर होती.

"ठाऊक हाय मना."

"वरून काहीतरी जाड घालू या का? शालीची घडी?"

"नको," काशीराम म्हणाला. "मजले नको."

त्याने तंग सोडला, खोगीर उतरवलं आणि पॅड मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसला. नव्या धोतरात, फ्लेक्सवरच्या स्वतःच्याच फोटोखाली. सुगरा गाडीच्या पुढच्या सीटवर होती, ठरल्याप्रमाणे. तिने काच खाली केली आणि पर्समधली छोटी कात्री बाहेर धरली. पॅडची दुसरी बाजू शकीलने उसवायला घेतली. बेंजोवाल्यांना काय वाजवावं कळेना, म्हणून त्यांनी अगदी हळू काहीतरी वाजवलं. निकेश दोनदा घड्याळ बघून तिसऱ्यांदा बघायच्या बेतात होता.

काशीरामचं मनगट अजून पूर्ण बरं नव्हतं. 'विचुंबे' चटकन गेलं. 'घरत'ला वेळ लागला. 'काशीशेठ'मधला 'शेठ' काढताना तो जरासा थांबला आणि चंद्रावतीने ते पाहिलं. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. मग 'शेठ'ही गेला. कागदाचे तुकडे, गाठी, सगळं त्याने बोटांनी चाचपून लोकरीतून वेचलं. तोंडात घातलेल्या माशातले काटे वेचावेत तसं. मग डोळे मिटून पॅड गालाला लावला आणि दोन्ही बाजू फिरवून पाहिल्या.

मुहूर्त टळला. भटजी रागावले, पण ते तसेही रागावणार होते.

गोदूने पॅड हुंगला. काशीरामने तो ठेवला, मानेपाशी वर ओढला, खोगीर घातलं, तंग एकेक भोक घेत आवळला. भावेश बसला. गोदूची कातडी एकदा शहारली. सगळे थांबले. मग तिने मोठा श्वास सोडला, नाकातून फुर्र केलं आणि निकेशच्या आरशांच्या घोडीला ओलांडून चालायला लागली. सोनेरी नावाच्या जागी सुईच्या भोकांची एक रांग तेवढी राहिली होती. वाचायला गेलं तर वाचता आली असती, पण त्यासाठी खूप जवळ जावं लागलं असतं, आणि तेवढं जवळ गोदू कोणाला येऊ देत नव्हती.

मांडवाच्या दारात भावेश उतरल्यावर काशीरामने पॅड उचलून पाठ पाहिली. सगळीकडे सारखी ओली होती. त्याने खिशातून मोबाइल काढला, फोटो घेतला. चंद्रावती मागे येऊन उभी राहिली होती. तीही पाहत होती.

"उद्या त्या पार्किंगमधल्या फरशा काढा," ती म्हणाली. "तिचा पाय सरकतो."

आणि खांदा खाजवत मांडवात गेली.